सगळ्या किल्ल्या मालकाला

लव्हार टिंगी शिवी देत नसत. येत नव्हती असं नाही. तांब्याच्या खाणीला खेटून असलेल्या मॅग्ना गावात चौऱ्याहत्तर वर्षं काढली की शिव्या ऐकूनच पाठ होतात. पण अमेरिकेतल्या सॉल्ट लेकच्या त्या खोऱ्यात शिवी थेट देण्याची रीत नाही. तिथे आधी शिवीला आंघोळ घालतात, भांग पाडतात, इस्त्रीचा सदरा चढवतात आणि मगच चार माणसांत आणतात. अशा आंघोळ घातलेल्या शिव्यांपैकी लव्हारनी आपल्यासाठी एकच ठेवली होती : ‘भेंडी’. तीही त्यांनी उभ्या आयुष्यात चार वेळा वापरली होती, त्यांतल्या दोन वेळा अंगठ्यावर हातोडी बसली म्हणून.

दोन हजार बारा सालच्या उन्हाळ्यात मात्र सहा आठवड्यांत त्यांनी ती नऊ वेळा वापरली. नऊच्या नऊ वेळा एकाच मोबाइल कंपनीसाठी.

लव्हार हे कुलूपवाले. एक्केचाळीस वर्षं त्यांनी त्या खोऱ्यातली कुलपं बसवली, उघडली, दुरुस्त केली. त्यांचा एक नियम होता. कुलूप बसवून झालं की सगळ्या किल्ल्या मालकाच्या तळहातावर ठेवायच्या आणि सोबत एक छापील चिठ्ठी द्यायची : ‘सगळ्या किल्ल्या मालकाला दिल्या. एकही मागे ठेवली नाही.’ खाली त्यांची सही. “किल्ली मागे ठेवणारा कुलूपवाला आणि चोर यांच्यात फरक एवढाच,” ते म्हणत, “की चोराला कुलूप बसवल्याची मजुरी मिळत नाही.”

पण एक्केचाळीस वर्षं कानस चालवून हातांनी आपली वसुली केली. उजवा हात कापायला लागला आणि डाव्याची बोटं वळेनाशी झाली. खोऱ्यातलं कुठलंही कुलूप उघडणाऱ्या माणसाला आता स्वतःचं पाकीट उघडता येईना.

मे महिन्यात किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी ते पाकीट हातून निसटलं. नाणी चौफेर उधळली, कार्डं घसरत च्युइंगगमच्या मांडणीखाली गेली. मागे रांगेत आठ माणसं होती. ती आठही एकदम गुडघ्यांवर बसली आणि वेचू लागली. त्या खोऱ्यात दयाळूपणा एकटादुकटा हिंडत नाही, कळपानं येतो. मधोमध लव्हार उभे आणि भोवती गुडघे टेकलेली आठ माणसं. दारातून बघणाऱ्याला वाटलं असतं, गावात नवा पंथ निघाला. दुकानाच्या मॅनेजरनं त्याच दयेपोटी लव्हारच्या मुलीला, शेजारच्या राज्यातल्या बॉइझी शहरात, फोन लावला.

“बाबा, आता पुरे,” लडॉन म्हणाली. “तुम्ही इकडे या. खालची खोली तयार आहे. पिवळा रंगसुद्धा दिलाय.”

“मला पिवळा आवडत नाही.”

“मग निळा देते.”

“निळाही आवडत नाही. मला माझं घर आवडतं.”

लडॉन बापाचीच लेक. तिनं अटी घातल्या. चोवीस जुलैला, तिथल्या लोकांचे पूर्वज खोऱ्यात पोचले त्या दिवसाच्या सणाला, ती येणार. आदल्या दिवशी दोघं त्याच दुकानात जाणार. लव्हारनी सामान एकट्यानं घ्यायचं आणि पैसे एकट्यानं द्यायचे. ती लांब उभी राहून बघणार. “एक जरी माणूस गुडघ्यावर बसलं ना बाबा, तर सामान माझ्या गाडीत आणि तुम्हीही. आणि दुसरं. मी फोन केला की उचलायचा. तीन रिंगांच्या आत. नाहीतर माझ्या डोक्यात तुम्ही न्हाणीघरात पडलेले असता.”

लव्हारनी दोन्ही अटी कबूल केल्या आणि दुसऱ्याच दिवशी नवा फोन घेतला.

पेपरात त्यांनी वाचलं होतं, की आता असे फोन निघालेत जे दुकानातल्या मशीनपाशी नुसते नेले की पैसे चुकते होतात. पाकीट नको, सही नको. फोन घेतला तो गावातल्या सीगल मोबाइलच्या दुकानातून, दोन वर्षांचा करार करून. सीगल या पक्ष्याला त्या खोऱ्यात मान आहे. पूर्वजांच्या पहिल्या पिकावर नाकतोड्यांची धाड आली तेव्हा याच पक्ष्यांनी थव्यानं येऊन नाकतोडे खाल्ले आणि पीक वाचवलं. त्यांचा पुतळासुद्धा आहे. कंपनीनं नाव त्यांचं घेतलं होतं. गुण कुणाचा, ते पुढे कळलं.

या दुकानाचे मॅनेजर होते थेन बेकस्टेड, आणि रविवारी तेच लव्हारच्या वॉर्डाचे बिशप. तिथे वॉर्ड म्हणजे मोहल्ल्यातली चर्चची मंडळी, आणि त्या मंडळींत प्रत्येक पुरुष ब्रदर नि प्रत्येक बाई सिस्टर. वॉर्ड आणि सिस्टर एका वाक्यात आले तरी हे इस्पितळ नव्हे, एवढं ध्यानात ठेवावं. बिशपला पगार नसतो. सोमवार ते शनिवार त्यानं काहीतरी विकून पोट भरायचं असतं आणि रविवारी आपल्याच गिऱ्हाइकांचे आत्मे सांभाळायचे असतात.

लव्हारनी फोनवर ‘टिचकी’ नावाचं पैसे देण्याचं ॲप स्वतःच बसवलं, त्यात खाणकामगारांच्या पतपेढीचं आपलं कार्ड घातलं आणि फोन चामड्याच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला. पहिल्या दिवशी गल्ल्यावर आर्डिथ होती. आर्डिथ वीस वर्षं त्या गल्ल्यावर बसते आणि तिच्या हातून फुकट काही सुटत असेल तर फक्त बोलणं. लव्हार मशीनपुढे कमरेत वाकले. टिंग.

“ब्रदर टिंगी, मशीनला मुजरा करताय होय?”

“जो उलटे प्रश्न विचारत नाही, त्याला करतो.”

“मग माझी या जन्मात आशा नाही.”

तीन आठवडे लव्हार असे वाकत राहिले आणि तीन आठवडे टिंग वाजत राहिलं. ते नको असलेल्या वस्तूसुद्धा आणू लागले. घरात जिलेटिनच्या हिरव्या पुड्यांची चळत लागली. रांगेतली माणसं आपापल्या पायांवर उभी होती.

मग जूनच्या एका मंगळवारी ते वाकले आणि काही वाजलं नाही. पुन्हा वाकले. नाही. चष्मा सावरून फोन बघितला. फोननं आपल्या मनानं कात टाकली होती. टिचकी होती तिथे आता एक सीगल पक्षी डोळा मिचकावत होता आणि खाली लिहिलं होतं : ‘हे ॲप आपल्या नेटवर्कवर उपलब्ध नाही. आमचं ‘घरटं’ हे ॲप वापरून पाहिलंत का?’

“काय झालं, ब्रदर टिंगी?” आर्डिथनं विचारलं.

मागच्या रांगेत लव्हारना गुडघे कुरकुरल्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी गाजरं होती तिथेच ठेवली, पिशवीसुद्धा ठेवली आणि म्हणाले, “भेंडी.”

आर्डिथ पुढे दोन मिनिटं गप्प होती, असं प्रत्यक्ष बघणारे सांगतात.

तिथून ते थेट सीगलच्या दुकानात गेले. बिशप बेकस्टेड काउंटरमागे होते; अंगात कंपनीचा निळा सदरा, खिशावर पक्षी.

“बिशप, माझ्या फोनमधून कुणीतरी माझी वस्तू नेली.”

“नेली नाही, ब्रदर टिंगी. बंद केली. तुमच्याच सुरक्षिततेसाठी.”

“मला धोका कुणापासून होता?”

बिशपनी घसा साफ केला. पाठ केलेलं बोलायचं असलं की ते घसा साफ करत; रविवारीसुद्धा. “त्याचं असं आहे, की फोनच्या पोटात एक बारीकशी तिजोरी असते. तुमच्या कार्डाची गुपितं तीत राहतात. त्या तिजोरीत कुठलं ॲप शिरणार, हे कंपनी ठरवते.”

“फोन कुणाचा?”

“तुमचा.”

“पुरता माझा?”

“पुरता तुमचा.”

“तिजोरी त्याच्या पोटात?”

“हो.”

“म्हणजे पोट माझं आणि पोटातली तिजोरी तुमची. उद्या माझं मूत्रपिंडही तुमच्या कंपनीचं निघेल.”

“तुम्ही आमचं घरटं वापरा ना. तेही टिंगच करतं.”

“त्यात माझ्या पतपेढीचं कार्ड चालेल?”

बिशपनी पुन्हा घसा साफ केला. “सध्या दोन मोठ्या बँकांचं चालतं. तुम्ही तिथे खातं उघडलंत तर…”

“माझा बाप त्या पतपेढीचा सभासद होता, बिशप. मी पगार कधी दुसरीकडे ठेवला नाही. आता तुमच्या पक्ष्याला माझी पतपेढी आवडत नाही म्हणून मी बँक बदलायची? आज बँक सांगताय, उद्या दुकान सांगाल, परवा गाजरं कुठली खायची तेही सांगाल.”

“नियम वरून येतात. माझ्या हातात काही नाही.”

“माझ्याही नाही,” लव्हार म्हणाले आणि आपला कापणारा हात काउंटरवर ठेवला. त्या हातात, खिशात कायम बाळगलेल्या जुन्या छापील चिठ्ठ्यांपैकी एक बिनसहीची चिठ्ठी होती. “नऊ वर्षांपूर्वी तुमच्या घराला मी तीन कुलपं बसवली. किती किल्ल्या दिल्या?”

“सगळ्या.”

“एखादी माझ्यापाशी ठेवून म्हटलं असतं, की बिशप, सुरक्षिततेसाठी ठेवली, तुमच्या घरात कोण शिरणार ते मी ठरवीन, तर?”

“मी पोलिसांना बोलावलं असतं.”

“मी बोलावलं नाही. हा माझा चांगुलपणा. या चिठ्ठीवर सही करा. ‘सगळ्या किल्ल्या मालकाला दिल्या. एकही मागे ठेवली नाही.’ कंपनीतर्फे.”

बिशपनी चिठ्ठी दोनदा वाचली. पेन उचललं. ठेवलं. खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहायची परवानगी नाही, अशी त्यांची कोंडी झाली. शेवटी ते म्हणाले, “मी वर कळवतो,” आणि चिठ्ठी खणात टाकली.

लव्हार दारापर्यंत गेले. मग वळून, बिशपच्या खिशावरच्या पक्ष्याकडे बघत, त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला. बिशपना उद्देशून नव्हे, पक्ष्याला. पण पक्षी बिशपच्याच छातीवर होता, त्याला इलाज नव्हता.

जुलैचा पहिला रविवार उजाडला. महिन्याचा पहिला रविवार तिथे उपासाचा असतो, आणि त्या दिवशीच्या सभेत ठरलेला वक्ता नसतो. ज्याला मनातलं सांगायचं असेल त्यानं उठावं आणि माइकपाशी जावं. बहुतेक जण आभार मानतात, काही रडतात, आणि निदान एक तरी जण सांगतो, की गाडीची किल्ली हरवली होती, प्रार्थना केली आणि सोफ्याच्या फटीत सापडली. या साक्षींवर लव्हारचा एक्केचाळीस वर्षांचा राग होता. सोफ्यानं त्यांचा बराच धंदा बुडवला होता.

त्या दिवशीही एका सिस्टरला किल्ली सापडली. ती खाली बसली आणि लव्हार उठले. बिशप समोर व्यासपीठावर बसले होते, नेक्टाय लावून. लव्हारना माइकपाशी येताना बघून त्यांनी घसा साफ केला.

“ब्रदर्स आणि सिस्टर्स,” लव्हार म्हणाले, “मीही किल्लीविषयीच बोलणार आहे. आपण म्हणतो, की या वॉर्डाच्या अधिकाराच्या किल्ल्या बिशपकडे आहेत. मी ते मानतो. मनापासून मानतो. पण सोमवार ते शनिवार त्यांच्या दुकानाकडे माझ्या खिशाची एक किल्ली आहे, आणि ती मी दिलेली नाही. मी फोन विकत घेतला. फुकट नाही, मागून नाही, विकत. त्यातून मी माझ्या पैशांनी माझी भाजी घेत होतो. एका सकाळी कंपनीनं ते बंद केलं आणि म्हणाली, पैसे द्यायचे तर आमच्याच पाकिटातून द्या. पाकीट आमचं, बँक आम्ही सांगू ती. माझे हात हे असे आहेत. पाकीट उघडता येत नाही म्हणून मी हा फोन घेतला, आणि यांनी फोनचंही पाकीट करून त्याला कुलूप घातलं. मी आयुष्यभर कुलपं विकली. विकलेल्या कुलपाची किल्ली मी कधी ठेवली नाही. हे चूक आहे असं मला वाटतं. एवढंच.”

एवढ्यावर ते थांबले असते तर गोष्टही थांबली असती. पण ते खाली उतरणार तोच त्यांच्या तोंडून जन्मभराच्या सवयीचं वाक्य निघालं. त्या सभेत कुणाला कसलंही काम सोपवायचं असलं की म्हणायचं वाक्य, बारक्या पोरांनाही पाठ असलेलं : “ज्यांचा याला पाठिंबा आहे, त्यांनी उजवा हात वर करून दाखवावा.”

आणि सगळ्यांनी हात वर केले.

कुणी विचार केला नाही. करायची सवयच नव्हती. तो सूर आला की उजवा हात आपोआप वर जातो, जांभईसारखा. दीडशे हात वर गेले. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांचे गेले, ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांचे गेले, पियानोवरच्या बाईचाही गेला. लव्हारचा स्वतःचा हात कापत कापत वर होता. आणि व्यासपीठावर बिशप थेन बेकस्टेड यांचा उजवा हात सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून सरळ वर गेला होता. आपण कशाला पाठिंबा दिला हे त्यांना हात वर असतानाच उमगलं. पण वर गेलेला हात, बघणारे दीडशे असताना, खाली घेणार कसा?

मागच्या बाकावर आर्डिथला ठसका लागला आणि तिला बाहेर जावं लागलं.

त्या दिवशी संध्याकाळी, ऊन अंगणात असतानाच, बिशप बिस्किटांची बशी घेऊन लव्हारच्या दारात उभे राहिले.

“मी हात वर केला होता, ब्रदर टिंगी.”

“बघितलं.”

“तुमच्या चिठ्ठीची नक्कल मी वर पाठवली. उत्तर आलं नाही. आणि मी आता तुम्हाला काहीही सांगायला आलेलो नाही.”

“मग या, बसा, आणि काहीही सांगू नका.”

बिशप बसले. “कंपनीचा नियम आहे. सिमकार्ड काढून ठेवलं, की हा फोन कुणाच्या नेटवर्कचा ते फोनला कळत नाही, आणि घरच्या इंटरनेटवरून टिचकी पुन्हा बसते, ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची नाही.”

“बरोबर आहे. नाहीच सांगायची.”

“म्हणून मी सांगत नाहीये.”

“मीही ऐकत नाहीये. बिस्किटं कुणी केली?”

“बायकोनं. सिम नसलेल्या फोनवर फोन येत नाही, आणि सिम परत घातलं की टिचकी पुन्हा जाते, हेही मी सांगत नाहीये.”

लव्हारनी बिस्कीट खाली ठेवलं. “थांबा. म्हणजे बोलायचं तर खायचं नाही, आणि खायचं तर बोलायचं नाही. आणि बोलण्याचे पैसे दर महिन्याला भरायचेच?”

“करार दोन वर्षांचा आहे,” बिशप बारीक आवाजात म्हणाले.

त्या उन्हाळ्यातली सहावी भेंडी तेव्हा उच्चारली गेली. बिशपनी ती ऐकली नाही, कारण ते तिथे आलेच नव्हते.

“आणा, मी सिम काढून देतो,” जाता जाता ते म्हणाले.

“दुसऱ्याला कुलूप उघडायला देणारा कुलूपवाला बघितलाय कधी?”

फोनचं मागचं झाकण उघडून बॅटरीखालचं ते नखाएवढं कार्ड काढायला लव्हारना चाळीस मिनिटं लागली. जुन्या हत्यारांतला सर्वांत बारीक आकडा घेतला, कोपर टेबलाला टेकवलं, श्वास धरला. एके काळी एवढ्या वेळात त्यांनी बँकेची तिजोरी उघडली असती. कार्ड निघालं ते त्यांनी गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीत, रविवारच्या कप्प्यात ठेवलं. लडॉन रोज सकाळी भिंतीवरच्या जुन्या फोनवरच बोलायची. दुसरी अट घराबाहेर मोडतेय हे तिला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही; ठेवलं.

तेवीस जुलैला लडॉन आली. दुकानात तिनं कलिंगडांच्या ढिगामागे जागा धरली, चोर पकडायला बसावं तशी. लव्हारनी बटाटे घेतले, साय घेतली, कॉर्नफ्लेक्स घेतले. जिलेटिन घेतलं नाही. गल्ल्यावर आर्डिथनं एक अक्षर काढलं नाही. ओठ दाबून धरल्यानं तिचे गाल फुगले होते. लव्हार वाकले.

टिंग.

कुणाचा गुडघा हलला नाही. लव्हारनी पिशवी कोपरात अडकवली आणि जिंकलेल्या माणसाच्या चालीनं ते बाहेर जाऊन भिंतीलगतच्या बाकावर बसले.

इकडे लडॉन डोळे पुसायला कलिंगडांमागे वळली होती. वळून बघते तर बाबा नाहीत. तिनं फोन लावला. रिंग नाही. पुन्हा लावला. फोन बंद असल्याचं एक बाई गोड आवाजात सांगू लागली. लडॉनच्या डोक्यात न्हाणीघर उघडलं. ती ओरडत दुकानभर पळाली, आर्डिथ गल्ला सोडून पळाली, आणि रांगेतली आठ माणसं, दया हाकेच्या अंतरावर होतीच, मांडण्यांखाली वाकून चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला शोधू लागली.

बाहेर बाकावर ते तिला सापडले. ती त्यांच्यापुढे धपकन गुडघ्यांवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

“बाबा! फोन का नाही उचलत? काय झालं? चक्कर आली?”

“लडॉन, उठ. तू गुडघ्यावर बसलीयस. हे अटीत धरणार नाहीस ना?”

“फोन का बंद आहे?”

लव्हारनी खिशातून गोळ्यांची डबी काढायला सांगितली. रविवार उघडायला सांगितला. आणि मग टिचकी, घरटं, पोटातली तिजोरी, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दुसरी अट मोडली हेही सांगितलं.

लडॉननं तळहातावरचं ते नखाएवढं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

“म्हणजे तुम्हाला जमत होतं,” ती म्हणाली. “तीन आठवडे सगळं जमत होतं.”

“हात कापतो, हे खरं आहे. पण बंद मी पाडलेलं नाही.”

“आणि मी मात्र खोलीला रंग देत बसले.” ती उठली, गुडघे झटकले. “कुठंय ते दुकान?”

बिशप बेकस्टेडनी काचेतून त्या दोघांना येताना पाहिलं आणि घसा साफ केला. लडॉननं काउंटरवर डावीकडे फोन ठेवला, उजवीकडे सिम.

“हे आत असलं की मी माझ्या बापाशी बोलू शकते, पण त्याला भाजी घेता येत नाही. बाहेर असलं की तो भाजी घेतो, पण जिवंत आहे की नाही ते मला कळत नाही. दोन्हींचे पैसे तुम्ही घेतलेत. यातलं कुठलं तुम्ही सुचवता?”

बिशपनी उत्तर म्हणून खणातून एक कागद काढला. वरून आलेलं उत्तर. लडॉननं मोठ्यांदा वाचलं : ‘आपण कळवल्याबद्दल आभार. ग्राहकाचा अनुभव आम्हाला मोलाचा वाटतो. ग्राहकानं घरटं वापरून पाहिलं आहे का?’

तिनं कागद खाली ठेवला. ती चर्चच्या गायनवर्गाची प्रमुख होती. तिच्या मुलांनी तिच्या तोंडून ‘मूर्ख’ हा शब्दही कधी ऐकला नव्हता.

“भेंडी,” लडॉन म्हणाली.

लव्हारनी छताकडे पाहिलं.

“सिस्टर,” बिशप हळूच म्हणाले, “तीन आठवडे मी हाच शब्द शोधत होतो.”

मग त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. लव्हारची ती जुनी चिठ्ठी. पेन घेतलं. ‘दिल्या’पुढे एक शब्द वाढवला आणि दुसरं वाक्य खोडून नवं लिहिलं. आता चिठ्ठी अशी झाली : ‘सगळ्या किल्ल्या मालकाला दिल्या नाहीत. एक कंपनीनं मागे ठेवली.’ खाली सही केली, हुद्द्यासकट, आणि काउंटरला वळसा घालून येऊन ती चिठ्ठी दर्शनी काचेवर, नव्या फोनच्या शेजारी, चिकटपट्टीनं चिकटवली.

“तुमची नोकरी जाईल,” लव्हार म्हणाले.

“हात वर केलाय, ब्रदर टिंगी.”

चिठ्ठी चार दिवस टिकली. मग वरून माणूस आला आणि त्यानं ती खरवडून काढली. टिचकी काही परत आली नाही. कराराचे बावीस महिने बाकी होते आणि दर महिन्याला बोलण्याचे पैसे देऊन मुका फोन गळ्यात घालायचं लव्हारच्या नशिबी राहिलं. बिशपची बदली गोदामात झाली. तिथे गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे त्यांना आता घसा साफ करावा लागत नाही.

पण हे पुढचं. सणाच्या दुसऱ्या दिवशी लडॉन निघाली तेव्हा तिच्या गाडीत मागची सीट रिकामी होती. खिडकीची काच खाली करून ती म्हणाली, “रोज आठ वाजता भिंतीवरच्या फोनवर. तीन रिंगा.”

“दोन.”

“आणि त्या खोलीचं काय करू, बाबा? रंग दिलाय.”

“भाड्यानं दे,” लव्हार म्हणाले. “पण सगळ्या किल्ल्या भाडेकरूला दे.”